शेवटचं पान आधी

३ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयातून सात पुस्तकं आणली. चार भयकथांची, दोन थरारक कादंबऱ्या आणि एक साधा कथासंग्रह. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "कार्डं शुक्रवारपर्यंत द्या हं. लोक हल्ली पुस्तकाआधी कार्ड बघतात." ऐकून मनातून फुलले. हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझ्याखेरीज कोणी उघडत नाही.

शाळेतली नोकरी संपल्यावर मी हा उद्योग सुरू केला. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी पाकीट असतं, त्यात माझं पिवळं कार्ड. पाच-सहा ओळींचं मत आणि खाली सही, 'एक वाचक'. हा वाचक म्हणजे मी, हे फक्त ग्रंथपालबाईंना माहीत आहे. घरीही सांगितलेलं नाही. घरी आहेच कोण म्हणा, मी आणि धाकटी. भावजी गेल्यावर माझी ही जाऊ इकडे राहायला आली, त्याला सहा वर्षं झाली. ती शिलाईयंत्रावर लोकांचे कपडे लहान-मोठे करून देते. तिला पुस्तकांत काय सांगायचं!

एका भयकथेवर लिहिलेलं कार्ड मला स्वतःलाच आवडलं: "पहिल्या पानावर दिवे जातात, दुसऱ्यावर मांजर मरतं, तिसऱ्यावर वाचक झोपतो. भूत येईपर्यंत कोणी जागं राहिल्यास कळवावे."

५ फेब्रुवारी, बुधवार

पाच कार्डं झाली. सहावं पुस्तक हातात घेतलं आणि कव्हर बघूनच कंटाळा आला. काळं दार, लाल अक्षरं. लेखकाच्या जागी नुसतं 'एक गृहिणी'. नाव द्यायला लाज वाटते तर पुस्तक काढायचंच कशाला? (मी 'एक वाचक' लिहिते, पण ते वेगळं.)

सात भयकथा. पहिल्या दोन चाळल्या. मग नेहमीसारखं शेवटचं पान उघडलं. ही माझी सवय फार जुनी. मिशनच्या बोर्डिंगमध्ये डेस्कच्या झाकणाआड कादंबरी वाचताना सिस्टर कधी मागे येऊन उभ्या राहतील याचा नेम नसायचा. त्यांच्या बुटांना रबरी तळवे होते. पुस्तक एकदा जप्त झालं की सुट्टी लागेपर्यंत परत नाही. म्हणून आम्ही मुली शेवटचं पान आधी वाचून घ्यायचो. निदान खुनी कोण ते तरी कळावं! पुढे आयुष्यभर मी तशीच वाचत आले.

तर शेवटची कथा, नाव 'जाऊ'. आणि तिची शेवटची ओळ: "दारातून ती पुन्हा म्हणाली, जाऊ." संपलं! म्हणजे भूत येणार, दारात उभं राहणार आणि आपलं नातं सांगून मोकळं होणार. मला हसूच आलं. कार्ड दहा मिनिटांत लिहून झालं:

"सात भयकथा. भीती शोधूनही सापडली नाही. शेवटच्या कथेतलं भूत कोण, तर म्हणे जाऊ! जावेला घाबरायला पुस्तक कशाला विकत घ्यायचं? ते घरबसल्या जमतं. शब्दाचं वजन न कळणाऱ्यांनी वहीत लिहावं आणि वही कपाटात ठेवावी."

लिहून झाल्यावर सगळ्या ओळींवर एका दमात शिरोरेघा ओढल्या. अक्षरं आधी, रेघ नंतर, तीही पट्टीने ओढल्यासारखी सरळ. मराठी शिकवायला यायच्या त्या सिस्टरांची शिस्त. त्या स्वतः मराठी नव्हत्या, पण रेघ मात्र हवी तशीच हवी.

सामानाची यादी करून दिली तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, हे 'साबण' आहे ना? तुमची रेघ एकटीच चालत सुटते, अक्षरं मागे राहतात." म्हटलं, "वाचायची सवय लागते." तिने यादी पिशवीत टाकली. जरा टोचून बोलले का?

११ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयात दातांचे डॉक्टर भेटले. भयकथांचे शौकीन. वर्षानुवर्षं लोकांना घाबरवून आता स्वतः घाबरायला येतात, असं ग्रंथपालबाई त्यांच्या तोंडावर म्हणतात. ते 'एक गृहिणी'चं पुस्तक परत ठेवत होते. "वाचलंत?" मी साळसूदपणे विचारलं.

"छे हो! मागचं कार्ड वाचलं आणि सुटलो. जावेवरचं वाक्य घरी सांगितलं तर बायको आणि तिची जाऊ, दोघी माझ्याशी बोलत नाहीयेत. लिहिणारा माणूस मोठा इरसाल असणार."

"माणूसच कशावरून?" ग्रंथपालबाई खाली बघत म्हणाल्या.

"बाई इतकं बोचरं लिहील?" डॉक्टर म्हणाले.

घरी येईपर्यंत मी रस्त्यात दोनदा एकटीच हसले.

धाकटीकडे हल्ली कामं फार दिसतात. मापांची वही घेऊन तासन् तास लिहीत बसते. मी खोलीत गेले की वहीवर पॅन्टचा पाय ओढून घेते. गिऱ्हाइकांची मापं मी कशाला बघायला जाऊ?

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी मटार सोलताना धाकटीने विचारलं, "ताई, वाचनालयात ती पिवळी कार्डं असतात ना, ती लिहिणारी व्यक्ती पुस्तक पूर्ण वाचत असेल का हो?"

म्हणाले, "अर्थात. त्याशिवाय मत कसं देता येईल?"

"तेच म्हटलं," ती म्हणाली. एक दाणा घरंगळत टेबलाखाली गेला. तो शोधायला ती खाली वाकली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

ती वाचनालयात कधी जाते?

१७ फेब्रुवारी, सोमवार

ग्रंथपालबाईंनी आज मला कपाटांमागे नेलं. "त्या 'एक गृहिणी'चे प्रकाशक आले होते. पुस्तक कितपत जातं विचारत होते. मी सांगितलं. अकरा जणांनी उचललं, अकरा जणांनी मागचं कार्ड वाचून तिथेच परत ठेवलं. मग त्यांनी कार्ड वाचलं. दोनदा वाचलं आणि कागदावर उतरवून घेतलं."

"बरं मग?"

"बाईंचं दुसरं पुस्तक त्यांच्याकडे आलंय. वाचकांचं मत हे असं असेल तर विचार करावा लागेल, म्हणाले." थांबून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही वाचलं होतंत ना ते नीट?"

"म्हणजे काय!"

उत्तर इतक्या झटकन आलं की माझं मलाच कळेना. येताना पुस्तक घरी घेऊन आले. दोष आहेत म्हणायचं तर निदान पान नंबर माहीत असावेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी धाकटी कपडे पोचवायला बाहेर गेली तेव्हा 'जाऊ' काढली. पहिल्या पानापासून.

कथेत एक घर आहे. न्हाणीघराच्या नळाला कापडाची चिंधी बांधलेली आहे, थेंबांचा आवाज होऊ नये म्हणून. आमच्या नळाला बांधली आहे तशीच. मला वाटलं, बांधत असतील पुष्कळ जण.

त्या घरात एक बाई मेलेली आहे, पण गेलेली नाही. ती पंचे घडी करते, दुधाखालचा गॅस बंद करते, चुकीच्या जागी ठेवलेला चष्मा उचलून योग्य जागी ठेवते. घरच्यांना वाटतं, घर पछाडलेलं आहे. खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत एक बाई वाचत बसलेली असते. चष्म्याला काळी दोरी. काहीही विचारलं की ती पानावरची नजर न काढता "हं" म्हणते. मेलेली बाई रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि निरोप मागते. कोणी मान वर करून "ये" म्हटलं तर तिला निघता येईल. एवढंच तिचं अडलेलं आहे. पण वाचणारी पान उलटते.

मी वाचत होते ते आमच्या वेताच्या खुर्चीत, खिडकीपाशी. चष्मा काढून हातात घेतला, तर त्याची काळी दोरी माझ्या गळ्यात होती.

'जाऊ' हे नातं नव्हतंच. ती विचारत होती. मी जाऊ?

आई जुन्या वळणाने लिहायची. मला बोर्डिंगमध्ये यायच्या त्या तिच्या पत्रांत क्रियापदांवर टिंब असायचं, "येऊं का भेटायला?" ते टिंब आता कोणी देत नाही. असतं तरी मी पाहिलं असतं का? पस्तीस वर्षं मुलींना सांगत आले, आधी धडा पूर्ण वाचा, मग उत्तरं लिहा.

मापांची वही. पॅन्टचा ओढलेला पाय. "तेच म्हटलं." देवा! धाकटीने लिहिलंय.

आणि मी तिला लिहून दिलं, वही कपाटात ठेवावी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

कथेत एक परिच्छेद आहे, तो आता तिसऱ्यांदा वाचला. मेलेली बाई आठवते, की पूर्वी ही वाचणारी मोठ्याने वाचायची. खून झाला की आवाज बारीक करायची, दारावर टकटक असली तर खरंच टेबलावर टकटक करायची. "तेव्हा मी भाजी करपू द्यायचे, पण ऐकायचे. शेवट ती मला आधी कधी सांगत नसे. स्वतः मात्र आधी वाचायची, आणि सगळं माहीत असूनही माझ्यासाठी घाबरायची."

हे खरं आहे. ती नवी नवरी होती, एकोणीस वर्षांची, आणि तेव्हा आम्ही सगळे एकत्रच राहायचो. मी तिला रहस्यकथा वाचून दाखवायचे. कधी बंद झालं ते? भांडण झालं नव्हतं, काही नाही. बहुधा मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा. घरी येऊन बोलायचा कंटाळा यायचा.

धाकटी परत आली. दारातून म्हणाली, "ताई, चहा ठेवू?" मी पुस्तक उशीखाली सारलं आणि "हं" म्हणाले. म्हणून झाल्यावर जीभ चावली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल आणि आज भ्याडपणात गेले. तिच्याशी नको इतकं गोड बोलले. तिची भांडी घासली, मशीनला तेल दिलं. तेल चुकीच्या छिद्रात दिलं आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर डाग पडला. ती म्हणाली, "ताई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

वाचनालयात पुस्तक परत करताना पाकिटातलं कार्ड गुपचूप काढून घेत होते, ग्रंथपालबाईंनी पाहिलं. "आता काढून काय उपयोग? अकरा जणांच्या डोक्यातून काढणार का?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "न वाचता लिहिलंत, हो ना?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला स्टूल पुढे केलं.

"आणखी किती कार्डं तशी आहेत?" त्यांनी विचारलं.

मला मोजता आली नाहीत. शेवटचं पान तर मी प्रत्येक पुस्तकाचं आधी वाचलंय. रहस्यकथेत खुनी आधीच ठाऊक असल्यावर लिहायचे, "पहिल्या प्रकरणातच खुनी ओळखू येतो." कितीतरी लेखकांवर हा आरोप केला! कोण कुठले लोक. त्यांच्याही घरी कोणी मटार सोलत असेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सांगणार होते. सकाळी, दुपारी आणि जेवताना. तिने विचारलं, "काय हो, काही म्हणत होतात?" मी म्हणाले, "मीठ."

मीठ समोरच होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

क्रमाने लिहिते, नाहीतर मी पुन्हा शेवटच आधी लिहीन.

सकाळी दहाच्या सुमाराला मी खुर्चीत होते. हातात पुस्तक होतं, कुठलं ते आठवतही नाही. धाकटी बाहेर जायचे कपडे करून स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात पिशवी, कपड्यांची नसून रिकामी. काहीतरी आणायला निघाली होती.

"प्रकाशकांकडे जाऊन येते म्हणते," ती म्हणाली. "एक काम दिलं होतं, ते परत आणायचंय." प्रकाशकांकडे कसलं काम, हे तिने सांगितलं नाही. मी विचारणार नाही याची तिला सहा वर्षांची खात्री होती. मग चपला पायात सरकवता सरकवता, सवयीने, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जाऊ?"

माझी मान आपोआप वर झाली. तिने ते पाहिलं आणि तिचा पाय चपलेत अर्धाच राहिला.

"थांब," मी म्हणाले. "मीही येते."

रस्त्यात पहिलं वळण तसंच मागे गेलं. दुसऱ्या वळणावर चांभार बसतो, तिथे माझा धीर सुटला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. कार्ड मी लिहिलं, पुस्तक वाचलं नव्हतं, शेवटचं पान वाचलं, शब्द चुकीचा लावला. चांभार खिळा ठोकायचा थांबून ऐकत होता.

धाकटी म्हणाली, "माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. ताई, घरात सामानाची यादी कोण लिहितं? ती रेघ मी आंधळी झाले तरी ओळखीन."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही इतक्या शिकलेल्या. मला वाटलं, तुम्ही वाचूनच लिहिलंय, आणि खरंच तसलंच झालंय माझं पुस्तक. मग त्या दिवशी मटार सोलताना विचारलं. तुम्ही 'अर्थात' म्हणालात तेव्हा कळलं, की वाचलेलं नाही."

"कसं कळलं?"

"खरं बोलताना तुम्ही जरा अडखळता, ताई. खोटं बोलताना अजिबात नाही."

भर रस्त्यात मला रडू आलं. ती पदराने डोळे पुसून देईल असं वाटलं होतं. तिने तसं काही केलं नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझं आटोपायची वाट बघत उभी राहिली. तेच बरोबर होतं.

शांत झाल्यावर म्हणाले, "वाचनालयाच्या प्रतीत 'जाऊ'पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करू का? छापताना राहिलंय."

"राहिलेलं नाही. मीच खोडलं होतं. आधीच्या पानांवर आहे बघा प्रत्येक वेळी. शेवटी नाही." जरा पुढे गेल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्षं विचारल्यावर माणूस विचारायचं थांबतं. नुसतं म्हणत राहतं."

मी तर म्हणत होते, हिला शब्दाचं वजन कळत नाही.

प्रकाशकांची खोली लहान. गठ्ठ्यांमधून बसायला जागा नाही, त्यामुळे मी उभ्यानेच सांगितलं, "ते कार्ड माझं. मी पुस्तक न वाचता लिहिलं." शाळेत कबुली द्यायला मुली माझ्यापुढे अशाच उभ्या राहायच्या.

प्रकाशकांनी माझ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "या तुमच्या कोण?"

"जाऊ," धाकटी म्हणाली.

त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मग मला म्हणाले, "बाई, चूक माझीही आहे. दुसरं पुस्तक मीही उघडलेलं नाही. तुमचं कार्ड वाचलं आणि बाजूला ठेवलं." हस्तलिखित त्यांच्या हाताखालीच होतं. धाकटीने पिशवी पुढे केली. ते म्हणाले, "असू द्या इथे. महिनाभर द्या मला. छापीन असं म्हणत नाही, वाचीन."

धाकटीने पिशवीची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. मग काखेत धरली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नवीन कार्ड लिहिलं आणि आधी धाकटीला दाखवलं. तिने पेन मागितलं. 'अप्रतिम' खोडलं. 'हृदयाला भिडणाऱ्या' खोडलं. "सातांतल्या तीन कथा कच्च्या आहेत, हे घाला."

"तीन नाहीत, दोन."

"तीन आहेत. तुम्ही पुन्हा चाळलंत की काय?"

मी पुन्हा वाचल्या. तीन आहेत. आता पाकिटात हे कार्ड आहे:

"आधीचं मत पुस्तक न वाचता दिलेलं होतं, त्याची लाज वाटते. सात कथांपैकी तीन कच्च्या, तीन चांगल्या. 'जाऊ' वाचून मी आमच्या घरात मान वर करून बघायला शिकले. शेवटचं पान कृपया शेवटी वाचावे."

सही करताना हात थांबला. 'एक वाचक' लिहायची हिंमत होईना. मग लिहिलं, 'लेखिकेची जाऊ'.

ग्रंथपालबाईंना सांगून ठेवलंय, जुनी कार्डं मी एकेक करून परत नेणार. पुस्तकं वाचून झाली की नवीन लिहून आणीन. "किती वर्षं लागतील?" त्या म्हणाल्या. डॉक्टर मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, पुस्तक नेलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. ते ओघानेच आलं.

३ मार्च, सोमवार

दुपारी धाकटीने मापांची वही माझ्या मांडीवर ठेवली. नवीन कथा, अजून कोणी वाचलेली नाही. "मोठ्याने वाचा. मी इस्त्री करता करता ऐकते. कुठे अडखळता ते बघायचंय."

वही हातात आल्याबरोबर माझा अंगठा मागच्या पानांकडे वळला. खरंच सांगते, मी वळवला नाही, तो वळला. पण पानं उघडेनात. शेवटची तीन पानं तिने पांढऱ्या दोऱ्याने एकमेकांना टाचून टाकली होती. शर्टाची बाही बसवण्याआधी घालतात तसा लांब लांब कच्चा टाका.

"तिथवर पोचलात की उसवा," ती म्हणाली. "कात्री माझ्याकडे आहे."

मी पहिलं पान काढलं. घसा खाकरला. पहिल्याच वाक्यात दारावर टकटक होती, म्हणून टेबलावर टकटक केली. इस्त्रीचा आवाज थांबला.

आज चार पानं झाली. टाका अजून तसाच आहे.